मोतीचूर बँडचं हरवलेलं रीळ

"मुखरू, बसून नाई वाजवायचं. झोप. डोळे मिट नि घोर," चंदानं भावाला दटावलं.

पहिलीतला मुखरू पोटावर रॉकेलचा रिकामा डबा घेऊन उताणा पसरला आणि घोरता घोरता त्यावर काड्या हाणू लागला. शेजारची मैना पपईच्या देठाची पिपाणी फुंकत होती. गाल असे फुगलेले की दोन्हीकडं लाडू कोंबल्यासारखे. चंदाच्या हातात गंजांची, म्हणजे पातेल्यांची, दोन झाकणं होती. आईचं लक्ष नव्हतं तोवर त्या झांजा होत्या.

हा मोतीचूर बँड. खरा बँड सिनेमातला! फाटक्या कोटातले वाजंत्री नेमके चुकीच्या लग्नमांडवात शिरायचे. त्यांचा जाडा ढोलवाला वाजवता वाजवता झोपी जायचा, पण ठेका काही सोडायचा नाही.

दिवाळीची सुट्टी होती. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला पाहुणे यायला लागले होते आणि तलावाच्या पाळीखाली टूरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. एवढं सगळं सुखाचं, पण चंदाचा बाप मात्र ताटावरून उठून जात होता.

झालं होतं असं. चंदाच्या बापाचं नाव झाडू. तो नागभीड स्टेशनवरून टॉकीजचं सामान आपल्या बैलबंडीत घेऊन आला. त्यात सिनेमाच्या रिळांचे गोल पत्र्याचे डबे होते. त्या संध्याकाळी टॉकीजचे मॅनेजर गुणवंतराव पाटलाच्या घरी जेवायला गेले. इकडं मशीनवाल्या बाबुलालनं मशीन तपासायला म्हणून सिनेमा लावला. सारं गाव देवळापुढं दंडारीच्या नाचगाण्याची तालीम पाहण्यात दंग. तंबूची मागची कनात अजून बांधायची होती. मग काय, ही तीन पोरं पडद्यामागं धानाच्या बांधावर पोटावर पडून अख्खा बँड बघून आली.

दुसऱ्या दिवशी खरा खेळ. तंबू खच्चून भरला. बँडची वेळ आली, तर नवरी एकदम सासरीच पोचली. बँडच नाही! लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. तेव्हा गुणवंतराव उठले, तोंडातलं पान एका गालात सारलं आणि चौथ्या रिळाचा डबा उघडून दाखवला. आत काही नाही. झाडूनं बंडी आपटत आणली, म्हणाले, झाकण उघडलं आणि रीळ वाटेत पडलं. असल्या माणसाच्या बंडीत स्टेशनचा माल देत जाऊ नका.

ज्यानं जन्मात कुणाची धानाची पेंडी वाटेत पडू दिली नाही, त्या माणसाला भर तंबूत असं ऐकावं लागलं. पाटलाच्या घरून रोज बंडीला बोलावणं यायचं, तेही दुसऱ्या दिवशी आलं नाही. रीळ आलं होतं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, असं चंदानं बापाला सांगितलं. तो म्हणाला, "बापासाठी लेक खोटं बोलते म्हणतील. गप राह्य."

मग ती बाबुलालकडं गेली. तो खाली मान घालून पायाचा अंगठा बघत बसला. मॅनेजर नसताना मशीनला हात लावायचा नाही अशी त्याला ताकीद होती. खरं बोलला तर नोकरी जाणार.

"मोठे बोलत नाईत, त आपण वाजवू," चंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोतीचूर बँड तंबूच्या दाराशी जाऊन बसला. मैनाची पिपाणी किंचाळली, झाकणं खणखणली, मुखरू घोरत घोरत बडवू लागला. पाहुणे गोळा झाले. बाया हातातल्या घागरी विसरल्या. गुणवंतराव बाहेर आले, ते हसू आवरत नव्हतं म्हणूनच रागावले नाहीत. मग त्यांची नजर मुखरूच्या डब्यावर गेली. डब्यावर त्यानं खडूनं काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी मान डावीकडं केली, उजवीकडं केली.

"अरे, शाळेत जातोस की म्हशी राखतोस? सगळी अक्षरं उलटी!"

लोक हसले. मुखरूनं घोरणं सोडून रडायची तयारी केली. पण चंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती पारावरच्या न्हाव्याकडं पळत गेली, त्याचा आरसा आणला आणि डब्यासमोर धरला. आरशात नीट नाव उमटलं: मोतीचूर बँड.

"भाऊ, हे नाव तुमच्या जाहिरातीवर नाई," चंदा म्हणाली. "ते सिनेमातल्या ढोलावर आहे, नि तो ढोल फक्त चौथ्या रिळात आहे. पडद्याच्या मागून पाह्यलं त असंच उलटं दिसते. रीळ वाटेत पडलं, त माह्या भावाले ते दिसलं कुठी?"

गुणवंतरावांचं पान चघळणं थांबलं. सगळ्या माना बाबुलालकडं वळल्या. लहान पोरानं एवढं केल्यावर मोठ्या माणसाला लाज वाटतेच.

"दिखा था साब," तो म्हणाला. "मैंने चलाया था. पूरा बाजा था."

मग रीळ गेलं कुठं? गुणवंतराव बाबुलालवर घसरले, बाबुलाल देवाच्या शपथा घेऊ लागला. तेवढ्यात तंबूतून मैनाचा आवाज आला, "चंदा, या एकाच डब्याले मुंग्या काऊन?"

डब्यांच्या चळतीतून मुंग्यांची रांग नेमकी चौथ्या डब्याकडं चालली होती. चंदानं झाकण काढलं. आत कडेला खसखस चिकटलेली. तिनं वास घेतला आणि हसू लागली.

"हा सिनेमाचा डबाच नाई. हा वच्छलाबाईच्या अनारशाचा!"

मागच्या वर्षी दुसऱ्या एका टॉकीजवाल्यानं रिळाचा असाच रिकामा डबा पाटलाकडं टाकून दिला होता. पाटलीणबाई वच्छलाबाईंनी त्यात अनारसे भरायला सुरुवात केली. चंदानंही त्यात हात घातलेला होता, म्हणून ओळखला. यंदा जेवणानंतर तो अनारशांसकट गुणवंतरावांबरोबर तंबूत आला. अनारसे पोटात गेले. सकाळी त्यांनी अंथरुणातूनच हात दाखवला, "तो डबा पाटलाकडं पोचता करा." हात कुठल्या डब्याकडं गेला ते त्यांनाच ठाऊक नव्हतं; पाटलाकडं गेला चौथ्या रिळाचा डबा, आणि अनारशाचा रिकामा डबा चळतीत त्याच्या जागी राहिला.

सगळी वरात पाटलाच्या दारात. वच्छलाबाईंनी माळ्यावरून डबा काढला.

"जड लागला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडू नये, एवढी रीत शहरच्या माणसाले कळते म्हणून मी खुश. म्हटलं, तांदूळ असतील. मंडई झाल्यावर उघडीन." झाकण निघालं. आत काळी रिबीन चकचकली. "माहे अनारसे खाल्ले नि मले सिनेमा धाडला होय रे, गुणवंता?"

पाहुण्यांसकट सारी गल्ली हसली. पण वच्छलाबाई हसल्या नाहीत. ज्या तोंडानं भर तंबूत झाडूले बोलला, त्याच तोंडानं तिथीच माफी माग, असं त्यांनी बजावलं. झाडूच्या बंडीशिवाय आपल्या घरचं पोतं हलणार नाही, हेही सगळ्यांना ऐकवलं. बाबुलालची नोकरीही त्यांच्या डोळ्यांच्या धाकानंच राहिली.

त्या संध्याकाळी गुणवंतरावांनी पडद्यापुढं उभं राहून झाडूसमोर हात जोडले. तिन्ही पोरं अगदी पुढं बसली, प्रत्येकाच्या मुठीत अनारसा. झाडूनं चंदाच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाची बंडी सावरली वो माह्या बाईनं," एवढंच बोलला, आणि तिच्या अनारशाचा अर्धा तुकडा मोडून खाल्ला.

बँड आला. ढोलवाला पेंगला. तंबू हसून हसून लोळला. फक्त मुखरू गंभीर चेहऱ्यानं ढोलाकडं बोट दाखवत होता.

"ताई, पाह्य ना," तो म्हणाला. "यायनं नाव उलटं लिवलं!"