फाटक्या जाळ्यांची खोली

"तो दगड तुम्ही धुतलात?"

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय नदीत सोडून बसलेल्या माणसाने मान वर केली. पाण्यावरचं धुकं अजून हललं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची स्पष्ट अपेक्षा होती.

"हो! फारच घाण होता हो. कुणीतरी चक्क..."

"कुणीतरी नाही, पाणमांजराने. आणि ती घाण न्यायला मी आलेय." तिने हातातली रिकामी बाटली त्याच्यापुढे धरली. "पाणमांजरं रोज त्याच दगडावर बसतात. काय खाल्लं, किती जणं आहेत, सगळं त्यावरून कळतं. आता आज काय कळणार? तुम्ही साबण कुठला वापरता ते?"

"साबण नाही लावला," तो घाईघाईने म्हणाला. "नुसतं पाणी... बसायच्या आधी जागा स्वच्छ करायची, अशी आईने सवय लावलीय."

"आईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, संस्कार जरा कमी केले असते तरी चाललं असतं."

तो हसला. हसताना त्याचा पाय घसरला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात बसला. बऱ्याच दिवसांनी तिलाही मोठ्याने हसू आलं, इतकं की आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला.

ओल्या कपड्यांनिशी चालता चालता त्याने आपण कोण ते सांगितलं. जंगलातल्या, नदीतल्या प्राण्यांसाठी त्याच गावात राहून काम करणाऱ्या माणसांना मदत देणाऱ्या एका निधीचा तो माणूस होता. अर्ज आलेल्यांचं काम डोळ्यांनी बघून यायचं, ही त्याची नोकरी. इथे त्याला एका नावाड्याला भेटायचं होतं. त्या नावाड्याने म्हणे एकट्याच्या जिवावर इथली पाणमांजरं वाचवली होती.

ती थांबली. "ते माझे बाबा. दोन महिन्यांपूर्वी गेले."

तो 'अरेरे' म्हणाला नाही, 'कसे गेले' विचारलं नाही. नुसता तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालत राहिला. तिला ते आवडलं.

घराशी आल्यावर मात्र त्याला सांगणं भाग होतं. "आमचा निधी संस्थेला नाही, माणसाला असतो. वडील गेले म्हणजे त्यांचा अर्जही संपला. कुणी नव्याने उभं राहिलं तर... तुम्ही राहाल?"

"मी? मी फक्त जाळी शिवते हो."

आणि ते खरंच होतं. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाळी पसरलेली होती. पाणमांजर जाळ्यात शिरून मासे पळवतं आणि जाताना जाळं फाडून जातं. त्या रागापायी पूर्वी मच्छीमार त्यांना काठीने मारायचे. बाबा नावेतून पहारा द्यायचे, ओरडायचे, भांडायचे. हिने एकदा एकाचं फाटलेलं जाळं निमूटपणे मांडीवर ओढलं आणि शिवून दिलं. दुसऱ्या दिवशी दोन जाळी आली. मग रीतच पडली. पाणमांजराने फाडलेलं जाळं हिच्याकडे आणायचं, दोरा हिचा, पण मालकाने शेजारी बसून दुसरं टोक ताणून धरायचं.

"बसा, साहेब, बसा!" जाळ्याचं टोक धरून बसलेले भोंगाकाका गरजले. हळू बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, म्हणून सगळा गाव त्यांना भोंगा म्हणायचा. "ओले का? पोरीने ढकललं वाटतं?"

"आपणहून पडले ते, काका."

"पडतात, पडतात. या घरात येताना पुष्कळ जण पडतात!"

आतून आईने चहा पाठवताना कोरडे कपडेही पाठवले. ते बाबांचे होते. तिने क्षणभर आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माणूस गारठलाय," आणि आत गेली.

पाहुणा एका दिवसासाठी आला होता, आठवडाभर राहिला. गाठ मारायला शिकायचंय म्हणाला. शिकवायची म्हणजे बोटांत बोटं अडकवणं आलंच. "असं नाही... वरून घ्या. आता ओढा. अहो, हळू!"

"तुटली?"

"गाठ नाही, माझं बोट."

तो ओशाळून हात मागे घ्यायचा आणि ती, कारण नसताना, गाठ पुन्हा सोडायची.

"याला अजून जमत नाही?" भोंगाकाका एकदा म्हणाले. "माझी चार वर्षांची नात शिकली असती."

"तुमच्या नातीला शिकायची घाई असेल, काका," तो खाली बघत म्हणाला. "मला नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोरा सुईतून निसटला.

जायच्या दिवशी तिने मनातलं सांगून टाकलं. शहरातल्या एका विमा कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. बाबांच्या मागे घर चालवायचं तर ती घ्यावीच लागणार होती. ती गेली की ही खोली बंद, आणि खोली बंद झाली की लोक पुन्हा काठ्या हातात घेणार.

"मग उभ्या राहा," तो म्हणाला. "स्वतःच्या नावाने."

"तुम्ही असाल ना निवड करायला?"

त्याने पिशवीचा पट्टा उगाच घट्ट केला. "तुम्हाला माझी गरज पडणार नाही," एवढंच म्हणाला.

मुलाखतीच्या दिवशी उंच छताच्या त्या खोलीत ती शिरली, तेव्हा टेबलामागे तो नव्हता. नजर दोनदा फिरवून तिने खात्री करून घेतली. गोड बोलून गेला, झालं! मग तिने पाठ ताठ केली.

अध्यक्षबाईंचे केस पांढरेशुभ्र होते आणि नजर सुईच्या टोकासारखी. "तुमच्या वडिलांचं काम आम्ही ऐकून आहोत. तुमचं काम काय?"

"मी जाळी शिवते."

शेजारचे गृहस्थ समजुतीने हसले. "त्यापेक्षा नुकसानभरपाई रोख दिली तर? सोपं, लवकर होतं."

"रोख घेऊन माणूस घरी जातो," ती म्हणाली. "जाळं शिवायचं तर तासभर माझ्याशेजारी बसतो. पहिल्या तासात तो पाणमांजराला शिव्या देतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा ते कसं आलं, कुठून गेलं ते सांगतो. तिसऱ्यांदा म्हणतो, तिच्याबरोबर पिल्लं होती गं, म्हणून मी जाळं लवकर ओढून घेतलं. बाबा होते तोवर मला वाटायचं, त्यांच्या पहाऱ्यामुळे हे चाललंय. ते गेले. नाव किनाऱ्याला बांधलेली आहे. कुणी पहारा देत नाही. आणि अजून एकही काठी उगारली गेलेली नाही."

शेजारच्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं.

"मग पैसे कशाला हवेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं. प्रश्न धारदार होता, पण सूर बदलला होता.

"नदी आमच्या गावाशी संपत नाही, बाई. वरच्या आणि खालच्या गावांत जाळी विणणाऱ्या बायका आहेत. त्यांना पगार देऊन अशा खोल्या उघडायच्यात. आणि मलाही पगार हवाय." ती थांबली नाही. "बाहेरून तज्ज्ञ येतात, त्यांना मानधन कशाला, असं कुणी विचारत नाही. आम्ही तिथलेच, म्हणून आमच्याकडून सेवा मागतात. सेवा बाबांनी आयुष्यभर केली. मला काम करायचंय."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तिथलंच माणूस हवं, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगतोय. ते असं समोर येऊन बोललं की बरं वाटतं," त्या म्हणाल्या आणि सहकाऱ्यांकडे वळल्या. "कुणाला काही विचारायचंय?" कुणालाच नव्हतं. दुपारी निकाल लागला. तीन वर्षांचा निधी, तिच्या नावाने.

हात मिळवून झाले, अभिनंदनं झाली. ती जिन्यावर आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. ही बातमी ज्यांना सगळ्यात आधी सांगायची, ते बाबा आता नव्हते. आज मात्र ती आठवण नुसती टोचली नाही. आज त्या आठवणीने पाठीवर हातही ठेवला.

"काय झालं?"

खालच्या पायरीवर तो उभा होता. चेहरा पांढराफटक, जणू मुलाखत त्याचीच होती.

"कुठे होता?" ती उसळली. "आत एकही ओळखीचं तोंड नव्हतं!"

"मी समितीतून नाव काढून घेतलं. गावाहून परतलो त्याच दिवशी."

"का?"

"तिथे बसणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नसते..." त्याने कठड्यावर हात ठेवला. "आणि मी तर तुमची घेऊन बसलो होतो. उद्या कुणी म्हणायला नको की हे तुम्हाला माझ्यामुळे मिळालं. ते तुमचंच असायला हवं होतं. अख्खं."

तिला रागवायचं होतं. जमलं नाही. आत एवढ्या लोकांपुढे एकदाही न अडखळलेली ती, इथे एका वाक्यासाठी अडली.

"मिळालं," ती शेवटी म्हणाली. "अख्खं."

त्याने डोळे मिटले, उघडले, आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पायरीवर मटकन बसला. मग हसायला लागला. शिपाई वळून पाहायला लागले.

"आता बाजू उघड घेतली तर चालेल का?" त्याने विचारलं.

"चालेल. पण एक अट आहे."

"बोला."

"आधी हे 'बोला' बंद." ती एक पायरी उतरून त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी. "ऊठ म्हणणार होते मी तुला. पण बस. जरा वेळ बस. इतकं छान मला आजवर कुठेच वाटलं नव्हतं."