चार वाजताचा अर्धा कप

ही गोष्ट २०४६ सालची. मिरजेजवळचं निद्रासंशोधन केंद्र तेव्हा नवं होतं आणि शैलजा आवटी तिथली मुख्य परिचारिका होती.

'शांतक' या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा डॉ. ऐनापुऱ्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं.

"मेंदूतल्या पेशींवर खुर्च्या असतात असं समजा. आम्ही त्यांना निद्राग्राही म्हणतो. दिवसभरात साठलेलं ॲडेनोसिन त्यांवर बसलं, की झोप येते. चहातलं कॅफिन त्याच खुर्च्या अडवतं, पण झोप आणत नाही."

"म्हणजे एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखं."

"अगदी! काही तासांनी ते निघूनही जातं. शांतक मात्र बसतं, झोप आणतं आणि आपणहून उठत नाही. थोड्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की मेंदू जागा होतो आणि जागा मेंदूच ते धुऊन काढतो."

"आणि सगळ्याच भरल्या तर?"

"म्हणून तर मात्रा मोजायची. चाचणी संपेपर्यंत चहा-कॉफी बंद, ताई. थेंबसुद्धा नाही."

स्वयंसेवक चोवीस होते. तिसऱ्या दिवशी, औषध सुरू होण्याआधीच, त्यांतले हणमंतराव तोडकर चहावाचून डोकं धरून बसले. "बाई, तुमच्या घरी पाहुण्याला असंच ठेवता का हो?"

शैलजाला ते लागलं. चार वाजता तिने त्यांना अर्धा कप दिला. मग बाकीचे तेवीस काय परके होते? रोज चारला चहा आणि पाचला शांतक. कमी मात्रेने कुणी झोपेना, म्हणून ऐनापुऱ्यांनी ती वाढवत तिप्पट केली. तेव्हा कुठे सगळे गाढ झोपले आणि सकाळी ताजेतवाने उठले. औषधाला मान्यता मिळाली.

पहिल्या नऊ रुग्णांत शैलजाचा धाकटा भाऊ श्रीधर होता. औषध घेताना म्हणाला, "अक्का, उद्या हाका मारू नकोस. मनसोक्त लोळणार आहे."

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्याही नाही. नऊपैकी कुणीच उठलं नाही.

"चोवीस जणांना हीच मात्रा दिली," ऐनापुरे कागद उलटेपालटे करत म्हणाले. "यांचंच काय वेगळं आहे?"

शैलजा म्हणाली, "मी त्यांना चहा देत होते."

ऐनापुरे ओरडले नाहीत. त्यांनी कागद खाली ठेवले. "म्हणजे खुर्च्या कॅफिनने धरून ठेवल्या होत्या, म्हणून तिप्पट लागलं. ते गेलं, खुर्च्या मोकळ्या झाल्या आणि माणसं उठली. आणि श्रीधर?"

"सात वर्षं चहाला शिवला नाही. झोप येत नाही म्हणून."

झोप न येणारा माणूस आधी चहाच सोडतो. नऊच्या नऊ जणांनी तो सोडलेला होता.

"मग आता द्या ना कॅफिन! नळीतून द्या!"

"बसणार कुठे, ताई? एकही खुर्ची रिकामी नाही. आणि धुऊन काढायला जागं कुणी नाही."

शांतक बंद झालं. ऐनापुरे नोकरी सोडून गावी जतला गेले. शांतक धुऊन काढणारं द्रव्य मेंदूबाहेर तयार करण्यात त्यांची उरलेली वर्षं गेली, पण ते जमलं नाही. श्रीधर अकरा वर्षं झोपला. दर रविवारी शैलजा त्याची नखं कापायची, दाढी करायची. सत्तावन्न साली तो झोपेतच गेला. बाकीचे आठही तसेच, एकामागून एक गेले.

हणमंतराव नव्वदी ओलांडून जगले. श्रीधरच्या तेराव्याला ते काठी टेकत आले. चहाचं त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. बसल्यावर म्हणाले, "बाई, तुमचा तो चहा अजून आठवतो बघा. होईल का अर्धा कप?"

घड्याळात चार वाजत होते. शैलजा उठली आणि तिने आधण ठेवलं. नाही म्हणणं तिला तेव्हाही जमलं नव्हतं.