शिट्टीमागचं बोलणं

वाळूजच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं प्रेस मशीनवर काढली. पत्रा दाबला की असा दणका बसायचा की पायाखालची फरशी हलायची. कानात बोळे घाला म्हणून साहेब कानीकपाळी ओरडायचे. आम्ही ते खिशात ठेवायचो. मशीन बिघडण्याआधी तिचा आवाज बदलतो, तो ऐकू यायला नको?

मग डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, न थांबणारी. झोप उडाली, माझी चिडचिड वाढली. मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत माझी बायको द्वारका भांडीसुद्धा जपून ठेवायला लागली.

कानाच्या डॉक्टर आबेदा मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "दणक्यांनी आतली नाजूक यंत्रणा झिजलीय, बन्सीभाऊ. कमी पडलेला आवाज मेंदू स्वतःच भरून काढतो. शिट्टी जाईलच असं नाही, पण सवय होते. एकदम शांततेत बसू नका, पंखा, रेडिओ बारीक चालू ठेवा. मशीनवर बोळे घालाच. आणि शिट्टीकडे लक्ष देऊ नका."

मी मोजमापाचा माणूस. सांगितलं ते तंतोतंत केलं. दोन महिन्यांत शिट्टी निम्म्यावर आली आणि तिच्यामागचं बोलणं ऐकू यायला लागलं.

आधी वाटलं, शेजारचा टीव्ही असेल. उजवा कान दाबला तरी ते येतच राहिलं. बायकांची कुजबुज. कुणीतरी नाक ओढलं. मग एक बसका पुरुषी आवाज म्हणाला, "सकाळी तर चांगली होती."

तो आवाज माझा होता.

द्वारका समोरच ज्वारी पाखडत होती.

मॅडमनी पुन्हा कान तपासला, डोक्याचा फोटो काढायला लावला. सगळं ठीक निघालं.

"कोण बोलतं?" त्यांनी विचारलं.

"मीच. दुखवट्याला भेटायला आलेल्या लोकांशी."



शिट्टी विरत गेली तसं बोलणं उघडं पडत गेलं. येईल त्याला मी तेच सांगत होतो. "दुपारची वेळ होती. मी घरातच होतो." पुढचं शिट्टीत बुडून जायचं. तरी एक आशा होती. कसं झालं ते कळलं, तर टाळता येईल. मी रजा टाकली आणि दुपारी द्वारकेला नजरेआड होऊ देईना. नेमकं काय झालं, ते मात्र कळत नव्हतं.

शेवटी एका दुपारी मी पंखा, रेडिओ बंद केला, खिडकी लावली आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. मागं द्वारका गवार मोडत होती.

"अवो, पंखा कामून बंद केला? जीव घाबरा होयलाय माझा."

"गप बस जरा. मला ऐकू दे."

ती गप बसली.

शिट्टी पार थांबली. माझा आवाज अगदी कानाशी आला.

"जीव घाबरा होयलाय म्हणाली. मीच म्हणलं, गप बस जरा."

मागं शेंगा मोडल्याचा आवाज येत नव्हता.

"द्वारका," मी हाक मारली.

वळायचं धाडस होईना. चांगला कान तेवढा तिच्या दिशेनं केला.