बुडालेल्या बँकेचा शेवटचा शॉट

वहिनी चष्म्याची निसटलेली काडी दोऱ्याने बांधत होत्या, तेवढ्यात एक बाई आत आली आणि न विचारता समोरच्या खुर्चीत बसली.

"मी सिनेमा करते," ती म्हणाली. "माझ्या पिक्चरचा शेवट चोरीला गेलाय."

वहिनी खाजगी तपास करत. त्यांचा दीर विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याबरोबर हिंडत असे आणि त्याला प्रत्येक चोरीत विम्याचा वास येई. तो वहिनी म्हणायचा म्हणून हळूहळू सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले.

"पिक्चर कशावर आहे?" भावजींनी विचारलं.

"एका बुडालेल्या बँकेवर. शेवटी मॅनेजर बँकेच्या पायऱ्यांवर उभा राहून लोकांना सांगतो की पैसे उरले नाहीत. गर्दीसाठी आम्ही खरोखर पैसे बुडालेली माणसं बोलावली होती. त्यातल्या एकाला हुंदका फुटला. पिंगट डोळे, हनुवटीत खोल खळी. रडायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो शॉट म्हणजेच पिक्चर. आता त्या बँकेची खरी इमारतही पाडलीय, शॉट परत घेता येणार नाही. आणि परवा वितरक बघायला येणार."

ज्या हार्ड डिस्कवर ते दृश्य होतं, ती संकलनाच्या खोलीतून नाहीशी झाली होती. संगणकातली प्रतही पुसली होती. कुलूप शाबूत होतं. दिग्दर्शिका सोडून किल्ली तिघांकडे होती: निर्माता, मॅनेजरचं काम करणारा म्हातारा नट आणि संकलन करणारी मुलगी.

संकलनाची खोली लहान, गार आणि काळोखी होती. भिंतीवरच्या फळ्यावर शूटिंगचे फोटो टाचणीने लावलेले. एका जागी टाचण्या होत्या, फोटो नव्हता.

"इथे काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"गर्दीचा फोटो," दिग्दर्शिका म्हणाली. "कालपर्यंत होता."

वहिनींनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "डिस्कची वायर?"

"तीही नाही."

निर्माता दारातच उभा होता. चार दिवसांची दाढी, इस्त्री मोडलेला शर्ट.

"पिक्चरचा विमा आहे?" भावजींनी लगेच विचारलं.

"आहे. आणि पिक्चरसाठी घर गहाण आहे, तेही सांगतो. कुणीतरी सांगणारच."

"शेवटचं दृश्य कसं वाटलं तुम्हाला?"

"बघितलंच नाही. पूर्ण झाल्याशिवाय मी बघत नाही. ताटात वाढल्यावर जेवायचं, चुलीपाशी लुडबुड करायची नाही."

भावजींनी वहिनींना डोळ्याने खुणावलं. त्यांच्या मते मामला मिटला होता.

म्हाताऱ्या नटाने राग लपवला नाही. "आयुष्यभरात असं भाषण मिळालं नव्हतं. आणि मी बोलतोय तेव्हा कॅमेरा कुठे? गर्दीतल्या त्या माणसावर. पण खरं सांगू? तो माणूस माझ्यापेक्षा सरस होता. तरी तो शॉट काढा म्हणून मी भांडलो नाही. भांडली ती संकलनवाली पोरगी. बाईंनी ऐकलं नाही."

मुलगी सगळ्यात शेवटी आली. कमी बोलणारी होती. "शॉट लांबत होता, म्हणून म्हटलं," ती म्हणाली. विचार करताना ती हनुवटीच्या खळीवर बोट ठेवायची. "ताईंचा निर्णय शेवटचा."

दुपारी वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं.

"भावजी, तुमचा विमा आधी मिटवू," त्या म्हणाल्या. "विम्यासाठी चोरी करणारा अख्खा पिक्चर नेईल. एक दृश्य कशाला? नुसता सूड घ्यायचा असता, तर डिस्क फोडून टाकता आली असती. चोराने तर वायर आठवणीने नेली. म्हणजे डिस्क त्याला वापरायची होती."

"वापरून करायचं काय?"

"फोटोही गेला ना? भाषण फोटोत दिसत नाही. दिसतात चेहरे. चोराला एक चेहरा पुसायचा होता आणि बाकीचं दृश्य परत आणून ठेवायचं होतं. या खोलीत ताई सारखी ये-जा करतात, म्हणून ते काम घरी न्यावं लागलं. ते करण्याइतका सराईत हात इथे एकाच माणसाचा आहे. तिने तो शॉट काढायला आधी सरळ सांगून पाहिलं होतं." वहिनींचा आवाज मऊ झाला. "आणि बाळ, ती खळी तुमच्या घरातलीच आहे ना?"

मुलीने पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"माझा दादा आहे तो. त्या बँकेत मित्राच्या कर्जाला जामीन राहिला. मित्र पळाला, बँक बुडाली, कर्ज वसुलीवाल्यांनी विकत घेतलं. ते घरी यायचे, आईला वाटेल ते बोलायचे. म्हणून दादा निघून गेला. गर्दीत कोण ओळखतंय, असं वाटून शूटिंगला आला. त्याला फक्त एकदा त्या बँकेचं दार उघडलेलं बघायचं होतं. शॉटमध्ये दिसल्यावर मी त्याला शोधून काढलं. कुणाला सांगू नकोस म्हणाला, आईलाही नाही. ताई, पिक्चर मोडायचा नव्हता हो मला."

निर्माता पुढे झाला.

"तो शॉट काढा," तो दिग्दर्शिकेला म्हणाला. "माझं घर गहाण आहे, मान्य. पण चेहरा दिसला, तर त्या माणसाला लपायला जागा उरणार नाही."

भावजी खाली बघू लागले. सकाळपासून त्यांनी याच माणसाला चोर ठरवलं होतं.

दिग्दर्शिकेने खुर्ची संगणकाकडे ओढली आणि मुलीला शेजारी बसवलं.

"चेहरा काढू," ती म्हणाली. "हुंदका ठेवू. चित्र मॅनेजरच्या चेहऱ्यावर थांबेल आणि आवाज येईल गर्दीतून. आवाजावरून कुणी वसुलीला येत नाही."

त्या दोघी तशाच कामाला लागल्या. म्हातारा नट मागे उभा राहून बघत होता. हुंदका आपल्या चेहऱ्यावर आला तेव्हा त्याने हळूच डोळे टिपले. वहिनींनी निघताना फीचा विषय काढला नाही, आणि भावजींनीही त्यांना आठवण केली नाही.

वितरकांच्या खेळाला मुलगी आईला घेऊन आली. शेवटी पडद्यावर मॅनेजर बोलायचा थांबला आणि काळोखातून तो हुंदका आला. वितरकांतला एकजण खुर्चीत पुढे सरकून बसला.

आईने मुलीचं मनगट घट्ट धरलं. पडदा काळा होईपर्यंत सोडलं नाही.

"कुठे आहे तो?" तिने अगदी हळू विचारलं. "बारीक झालाय का गं?"