वाया गेलेली हाक

तुम्ही मानणार न्हाई, लेकहो. पण मी, मडिवाळप्पा डाळवाला, माझ्या या डोळ्यांनी बघितलंय... भर उन्हाळ्यात अख्खं लातूर जागच्या जागी थांबलं होतं, आणि तेही प्रेमापायी!

माझ्या दुकानावरच्या माडीत एका कंपनीचं छोटं ऑफिस. पहिल्याच दिवशी अरुंद जिन्यात दोघं समोरासमोर. देवणीची वर्षाराणी बंद पडलेला पंखा घेऊन खाली उतरून राहिली, नांदेडचा आनंदराज नवा पंखा घेऊन वर चढून राहिला.

“सरका की, नांदेडकर.”

“लातुरात पाहुण्याला आधी वाट देतात म्हणे.”

“पाहुणा पंखा घेऊन येत नसतो!”

सरकलं कुणीच न्हाई. हसले मात्र दोघं.

काम काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा मुकादम असतो. कुणी कधी राबायचं, कुणी झोपायचं, ते तो ठरवतो. ही दोघं त्याच्या अंगावर हजारो कामं एकदम सोडायची, टिकतो का बघायला. आणि एक दिवस मुकादम गपगार! मशीन हँग. अगा बाबौ... माझा तराजू हवेत थांबला, समोरच्या कढईत जिलबीचा वेढा अर्धाच राहिला, गाडीचा बैल एक पाय उचलून तसाच उभा!

बिघाड सापडला की काम संपलं. मग तिनं हैदराबादला जायचं, त्यानं नांदेडला. म्हणून शोधत दोघंही होते, सापडावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

काल ती ओरडली, “सापडलं! एक काम झोपायच्या बेतात असतं, तेवढ्यात दुसरं त्याला हाक मारतं. हाक वाया जाते. मग हे झोपतं... आणि ते समजतं, आपण तर उठवलंय.”

“मग दोघं वाट बघत बसतात?”

“कायमची.”

“उपाय?”

“झोपायच्या आधी एकदा बघायचं. कुणी हाक मारली होती का.”

आनंदराज पांढराफटक. म्हणाला, “मग तूच बघ. परवा जिन्यात मी विचारलं होतं, जन्मभर भांडशील का माझ्याशी? तुझ्या कानात हेडफोन होते... तू तशीच उतरून गेलीस.”

तिच्या हातातला चहा सांडला. ती हळूच ‘हाव’ म्हणाली, म्हंजे हो — आणि बैलानं पाय टेकवला!

खोटं वाटतं? हे काय, दोघं इथंच माझ्या बाकावर बसलेत. हिच्या पायाशी हैदराबादची बॅग, आणि हा मघापासून नुसता कपात बघून राहिलाय. विचारा की—

“खोटं!” वर्षाराणी ताडकन उठली. कानाच्या पाळ्या लालबुंद. “आप्पा, लबाड बोलून राहिले तुम्ही! विचारलं मी होतं. हेडफोन याच्या कानात होते!”

आनंदराजनं वळून तिच्याकडे बघितलं.