लोला बासिलिसाला भरवणारी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण ज्या बाईने हे भोगलं, ती माझी सख्खी मावशी. रोसेंदा. ती खोटं बोलत नाही.

आमचं सामार बेट. वादळ येऊन गेलं त्या आठवड्यातली, शुक्रवारची संध्याकाळ.

मावशी चर्चच्या स्वयंपाकघरातून आलं घातलेली गरम पेज घेऊन निघायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना भरवायची. शेवटचं घर लोला बासिलिसाचं; लोला म्हणजे आमच्याकडे आजी. खाली समुद्र, वर खांबांवर बांबूची झोपडी. आजी आंधळी, पाय गेलेले. जीभ मात्र शाबूत.

"आलीस का ग? पेज आहे की नुसतं पाणी? देवाच्या घरी तांदूळ संपला वाटतं!"

मावशी हसली. चमचा पुढे केला.

"नको. पोट भरलंय. आत्ताच तिने भरवलं."

"कुणी?"

"तुझ्यामागून रोज येते ती. तू जातेस, ती थांबते. बोलत नाही मेली... हात किती गार तिचे!"

मावशी तर एकटीच यायची.

तिने दिवा जवळ नेला...

लोलाच्या ओठांना काळा चिखल लागला होता.

मागे बांबूची जमीन करकरली.

वळून पाहिलं. कुणी नाही. फक्त ओली पावलं... दारातून आत आलेली. परत गेलेली नाहीत.

"लोला, चला. आजपासून चर्चच्या दालनात राहायचं."

"अग, पण माझं घर..."

"गप्प बसा आणि गळ्याला धरा माझ्या!"

आजीला पाठुंगळी घेऊन ती लाकडी पुलावरून धावत सुटली. तोंडाने प्रार्थना चालू.

अर्ध्या वाटेवर लोला कानात पुटपुटली...

"हळू चाल ना ग. तिचा हात सुटतोय माझ्या हातातून."

मावशी थांबली नाही.

लोला वाचली. दालनात सगळ्यांना शिव्या घालत आणखी काही वर्षं जगली.

पण पहिल्याच सकाळी शेजारच्या खाटेवरच्या फाकुंदो आजोबांनी पेजेवरून तोंड फिरवलं. ओठ काळे. पुढचा रविवार त्यांनी पाहिला नाही.

मी मावशीला एकदा विचारलं, "ती मागोमाग येईल हे आधी कळलं असतं, तर लोलाला तिथेच ठेवलं असतंस?"

"वेडी आहेस का? मरायला सोडू तिला?"

मग तिने पेजेचं भांडं घासायला घेतलं.

"पण फाकुंदोला मी काय सांगू?"

मावशी आता थकली. पेज मी नेते. आजोबांच्या खाटेवर आम्ही कुणाला ठेवत नाही.

काल तिथली चादर ओली होती...

कुणीतरी पाणी सांडलं असेल. मी विचारलं नाही.