बुधाच्या दारातली काठी

राखलेल्या रानातले साग रात्रीत कापून नेले होते आणि राखणीची काठी बुधाच्या दारात उभी होती. मग काय, चोर सापडलाच की!

रोह्याजवळची बुधाची वाडी, खालचं गाव आणि वनखातं समिती करून ते रान राखत. नियम सोपा. काठी ज्याच्या दारात, राखण त्याची. पाळी संपली की काठी वाडीतल्या पुढच्या दारात.

"बुधाला पोलिसात द्या, साहेब," काळुराम तावातावाने म्हणाला. तो खालच्या गावचा, समितीचा अध्यक्ष. "आणि वाडीला समितीतून काढा."

वाडी निघाली तर गवत, लाकूडफाटा, सगळ्यावरच पाणी. वनपाल दिनानाथ बुधाकडे वळले. ही समिती त्यांनीच उभी केली होती.

"बुधा, रात्री रानात गेलास?"

"नाय."

"काठी तर तुझ्या दारात."

"मी हात नाय लावला." एवढं बोलून तो खाली बघत बसला.

दिनानाथांनी आत डोकावलं. चूल थंड होती. बुधाची बायको मंगळी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पलीकडच्या घरातली मालू झाकलेलं ताट उंबऱ्यावर ठेवून परत फिरली.

त्यांनी अलीकडच्या घरातल्या मोरूला गाठलं. "काल काठी तुझ्याकडे होती ना?"

"व्हय. पाळी संपली, दारात ठेवून जेवाया बसलो. बाहेर येतो तर नाय! म्हटलं, मालूनं नेली."

"मालूने? पुढचं घर तर बुधाचं."

मोरूने नुसतं मालूच्या घराकडे बोट दाखवलं. दिनानाथ मालूकडे वळले. "काय झालंय गो त्या घरात?"

"तान्हं पोर गेलं, साहेब. सुतक हाय. त्या दारात काठी कोन ठेवंल? आमी वाट बघत बसलो, मोरू आनून देईल म्हनून."

दिनानाथ सावकाश काळुरामसमोर येऊन उभे राहिले.

"मोरूच्या दारातून काठी उचलून बुधाकडे ठेवली, म्हणजे रान मोकळं आणि आळ बुधावर. पण वाडीतलं पोरसुद्धा त्या दारात काठी ठेवणार नाही. म्हणजे ठेवणारा बाहेरचा. आणि घरांचा क्रम बाहेरच्या दोघांनाच ठाऊक, अध्यक्ष. तुम्हाला आणि मला."

"काहीतरीच काय! पोर मेलं हे मला कुठं..." काळुराम अडखळला.

"ठाऊक नव्हतं. तेच म्हणतोय मी."

काळुरामच्या गोठ्यात पेंढ्याखाली ओंडके निघाले.

दिनानाथ परतले तेव्हा मंगळी दाराशी उभी होती. डोळे सुजलेले.

"सुतक फिटलं की काठी आमच्याकडं द्या, साहेब. आमची पाळी राहिलीया."

पोर गेल्यावर त्यांनी तरी तिची विचारपूस कुठे केली होती? दिनानाथांना नुसतं 'हो' म्हणणंही जड गेलं.